दावणीची बॅटरी

सुरतेहून निघालेला महामार्ग नवापूर ओलांडून विसरवाडीला येतो आणि पुढे कोंडाईबारीचा घाट चढतो. रात्रंदिवस ट्रक धावणाऱ्या या रस्त्यावरच्या गावाला बॅटरीची ओळख नव्याने करून द्यायला नको. पण उभ्या गाडीच्या बॅटरीचं काय?

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आत झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी तळावर उभी करायची, तिथल्या विजेला वायर जोडायची आणि मुक्काम ठोकायचा. अशा गाडीत बॅटऱ्या दोन : एक इंजिनाची, दुसरी दिवे, पंखा, फ्रिज यांची. बऱ्याच गाड्यांत तळावरची वीज फक्त दुसरीलाच पोचते. पहिली उपाशी राहते आणि काही आठवड्यांनी किल्ली फिरवली, की नुसती टकटक ऐकू येते.

आणि जिला वीज मिळते, तिचे हाल वेगळेच. विसरवाडीतल्या दुकानात इन्व्हर्टरखाली ठेवलेल्या बॅटरीचेही तेच. दोघी कायम विजेला बांधलेल्या. दावणीला बांधलेल्या बैलालाही वेळेवर पाणी दाखवावं लागतं, हे मात्र बॅटरीच्या बाबतीत विसरलं जातं.

बारा व्होल्टच्या शिसे-अॅसिड बॅटरीत सहा घरं असतात. चांगला चार्जर आधी दाब साधारण 14.4 व्होल्टपर्यंत नेतो आणि बॅटरी भरत आली, की 13.5च्या आसपास उतरवून नुसती राखण करतो. जुना, साधा चार्जर उतरतच नाही. मग भरलेल्या बॅटरीत वीज जिरायला जागा नसते. ती आतलं पाणीच फोडते. बूच काढून पाहिलं तर बारीक बुडबुडे दिसतात. ते हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून बॅटरीजवळ काडी ओढायची नाही आणि खोलीची खिडकी उघडी ठेवायची.

खानदेशातला मे महिना तर बॅटरीचा वैरीच. पारा चाळिशीपार गेला, की चार्जिंगचा दाब साधारण पाव ते अर्धा व्होल्ट कमी हवा. तापमान ओळखून दाब बदलणारा चार्जर थोडा महाग पडला, तरी इथे तोच घ्यावा.

असं कमी झालेलं पाणी भरायचं, तर ते डिस्टिल्डच. नळाचं किंवा बोअरचं नको, त्यातले क्षार आत साचतात. अॅसिड तर वरून कधीच ओतायचं नाही. उडून जातं ते पाणी, अॅसिड आतच राहतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर त्या बुडतील इतकंच पाणी आधी टाकावं, बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्यावी, मग खुणेपर्यंत भरावं. आधीच काठोकाठ भरलं, तर चार्जिंगमध्ये पातळी चढते आणि अॅसिड बाहेर येऊन टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर धरतो. तो काढायचा, तर आधी वीज बंद करून वायरी सोडवायच्या, बुचं घट्ट लावायची, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल पुसायचं. सोड्याचा एक थेंबही आत जाता कामा नये.