गाडी माझी, जागा कोणाची?



आत्ता माझी ओळख ‘फूड ट्रकवाल्या ताई’ अशी करून दिली. बरं वाटलं. कारण आरटीओच्या लेखी मी मालवाहू गाडीची मालकीण, अन्नसुरक्षा खात्याच्या लेखी अन्नव्यावसायिक आणि पालिकेच्या लेखी अतिक्रमण!

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन मध्य प्रदेशात आले. यजमानांची नोकरी गेली तेव्हा आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या आणि एक जुना छोटा हत्ती घेतला. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा खिचडी. इथे घरोघरी मराठी माणसं आहेत, धंदा चालणारच, असा विश्वास होता. आणि तो चाललाही. चुकलं ते वेगळंच.

आधी सोपे कागद सांगते. अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन झाली. मी केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असेल तर नुसती नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. त्यापुढे परवाना. गॅसचंही सरळ आहे. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यायचा आणि आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवायचं.

गाडीचं मात्र मी उलटं केलं. आधी पत्रा कापून खिडकी काढली, मग आरटीओत विचारायला गेले. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की नोंदणीच्या कागदावर जी गाडी आहे, तिच्यात असा बदल परस्पर करायचा नाही. महिनाभर हेलपाटे घातले तेव्हा ते निस्तरलं.

इतके कागद जमले आणि मला वाटलं, झालं सगळं! पण यातल्या एकाही कागदावर ‘गाडी इथे उभी कर’ असं लिहिलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी पथक आलं. माझी गाडी उचलली, शेजारच्या भाजीवाल्या मावशींचा गाडाही उचलला. मी रडत होते. मावशी शांत. त्यांनी मला एवढंच विचारलं, “बेटा, पर्ची ली क्या?”

मी पर्ची घेतली नव्हती. मावशींनी घेतली होती. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात १९ वं कलम आहे. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावीच लागते. नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत मिळायला हवा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. मावशींची भाजी रात्री परत आली. माझी गाडी चौथ्या दिवशी मिळाली. उसळीच्या पातेल्याचं झाकण उघडलं आणि तिथेच बसले.

मग मी विक्री प्रमाणपत्र मागायला गेले. तिथे हमी द्यावी लागते की धंदा मी स्वतः किंवा घरचं माणूस करेल, मला उपजीविकेचं दुसरं साधन नाही आणि प्रमाणपत्र मी कुणाला भाड्याने देणार नाही. मला यात अडचण नव्हती. पण कायद्यात फूड ट्रकचं नावच नाही. माझी चारचाकी यात बसते का, यावर टेबलागणिक वेगळं उत्तर मिळालं. बाहेर पडताना मनात आलं, माझ्या एका गाडीच्या जागेत मावशींसारखे दोन-तीन गाडे उभे राहतात. हा कायदा आधी त्यांचा आहे. त्यांना ढकलून मला जागा नको होती.

म्हणून मी रस्ता सोडला. आता दुपारी एका कंपनीच्या आवारात उभी राहते, संध्याकाळी लग्नाच्या मैदानावर. दोन्हीकडे जागामालकाचं लेखी संमतिपत्र आहे, महिन्याचं भाडं ठरलेलं आहे आणि त्याच पत्रावर पालिकेचा व्यवसाय परवाना मिळाला. नफा थोडा कमी झाला, पण रात्री झोप लागते.

तरी माझं म्हणणं आहे की शहरांनी फूड ट्रकला वेगळी जागा आखून द्यावी. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांत एक-तृतीयांश बायका. या वेळी मावशी उभ्या राहणार आहेत. त्यांच्या प्रचाराची मिसळ माझ्याकडून!

तुमच्यापैकी कुणी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर आधी घेऊ नका. नियम राज्याराज्यांत बदलतात, म्हणून आपल्या पालिकेत जा. जिथे उभं राहायचंय तिथे आठवडाभर नुसतं जाऊन उभं राहा आणि तीन प्रश्न विचारा. जमीन कोणाची? लेखी कोण देणार? आणि गाडी उचलली तर नेतात कुठे?

उत्तरं मिळाली की मगच पाटल्या मोडा.