छायाचित्रकार आणि त्याच्यासमोरचा माणूस

छायाचित्रणकलेवर जी व्याख्याने होतात त्यांत भिंगे, प्रकाशाचे मापन, पूर्वी रसायने आणि अलीकडे संगणक यांची चर्चा भरपूर असते. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाविषयी मात्र क्वचितच काही बोलले जाते. तो जणू फुलदाणी असावा आणि छायाचित्रकाराने त्याला हवे तसे फिरवून ठेवावे, असाच एकंदर सूर असतो. वस्तुतः व्यक्तिचित्राचे बरेवाईट पुष्कळदा कॅमेरा पेटीतून बाहेर काढण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. छायाचित्रकार कोणत्या वृत्तीने आला आणि समोरच्या माणसाने त्याला किती जवळ येऊ दिले, यावर ते अवलंबून असते. हे तपासून पाहावयाचे तर काशीसारखे ठिकाण नाही. श्रोत्यांपैकी ज्यांनी काशीयात्रा केली असेल त्यांना सांगावयास नको की, अन्यत्र लोक जे दाराआड करतात ते स्नान, जप, क्षौर आणि शोकसुद्धा या नगरीत उघड्या पायऱ्यांवर चालतो. तेथे कॅमेरा उचलणे फार सोपे आहे, आणि म्हणूनच तो कसा उचलावा हा प्रश्न तेथे अधिक टोचतो.

सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार 1863 मध्ये भारतात आला आणि 1870 पर्यंत येथे राहिला. काशीच्या घाटांची त्याने घेतलेली चित्रे आजही पाहणाऱ्याला थांबवतात. त्या काळची ओल्या काचेची पद्धत मोठ्या कष्टाची होती. काचेवर द्रव पसरावयाचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी तंबूतील अंधारात धुवावयाची. तोवर दृश्यातील माणसाने हलता कामा नये. बोर्नने आपल्या लेखनात तक्रार केली आहे की, येथील माणसांना चित्रात उभे केले की ती काठीसारखी ताठ होतात आणि गळा कापून घ्यावयाचा असल्याप्रमाणे हनुवटी वर करतात. तक्रार खरी असेलही. परंतु परका साहेब, सोबत हमालांचा तांडा, काळ्या कापडाखाली झाकलेले तिपाईवरचे यंत्र आणि हलू नये अशी आज्ञा, अशा प्रसंगी माणसाने कसे उभे राहावे अशी त्याची अपेक्षा होती? वर केलेली ती हनुवटी म्हणजे अडाणीपण नव्हे. हुकमाला शरीराने दिलेले ते उत्तर होते. बोर्नच्या चित्रांत दगड बोलतात आणि माणसे मापपट्टीसारखी उभी असतात, याचे कारण काचेत शोधण्यात अर्थ नाही.

याच काशीत श्यामाचरण लाहिरी (1828–1895) हे गृहस्थाश्रमी योगी राहत असत. सरकारच्या लष्करी बांधकाम खात्यात त्यांनी हिशेबनीस म्हणून नोकरी केली. छायाचित्र काढून घेणे त्यांना मुळीच आवडत नसे. परमहंस योगानंदांनी 1946 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात त्यांच्या एकमेव चित्राची कथा दिली आहे. शिष्यांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध एक समूहचित्र घेवविले. काचेवर शिष्य सारे उमटले आणि मधली जागा तेवढी रिकामी राहिली. तेव्हा गंगाधरबाबू नावाच्या कसबी छायाचित्रकाराने, ही आकृती आपल्या हातून निसटणार नाही, अशी बढाई मारली. दुसऱ्या दिवशी त्याने बारा काचा खर्ची घातल्या. प्रत्येक काचेवर लाकडी बाक आला, मागचा पडदा आला. योगी आले नाहीत. मग तो नम्र होऊन त्यांच्याकडे गेला व त्याने प्रेमाने विनंती केली. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी येण्यास सांगितले, आणि चित्र उमटले.

ही कथा भाविकांची आहे आणि तिच्यातील चमत्कारावर कोणी किती विश्वास ठेवावा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. छायाचित्रकाराला मात्र ती चमत्कार वगळूनही उपयोगी पडते. चेहरा काचेवर येतो आणि माणूस येत नाही, हा अनुभव या व्यवसायातील प्रत्येकाने घेतलेला असतो. गंगाधरबाबूच्या बारा काचा आणि तेरावी काच यांमध्ये यंत्र बदलले नव्हते, प्रकाशही बदलला नव्हता. बदलली होती मागण्याची रीत.

अशी अनिच्छा केवळ योग्यांचीच होती असे नाही. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रकार होते. बडोद्यात त्यांनी धंदा मांडला तेव्हा, कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्याचे आयुष्य कमी होते, अशी वदंता पसरली व धंदा बसला. राजघराण्यातील एका तरुणाचाही याच भीतीने नकार होता. फाळक्यांनी त्याची समजूत घातली, पण त्याने गिऱ्हाईक वाढले नाही, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. या भीतीला हसणे सोपे आहे. पण आपले काहीतरी काढून नेले जात आहे आणि ते कोठे जाणार हे आपणांस ठाऊक नाही, ही त्यामागची शंका मूर्खपणाची म्हणता येईल काय?

फाळक्यांना हा धडा पुढे उपयोगी पडला असावा. काशीच्या स्मशानात ज्याच्या सत्त्वाची कसोटी लागली त्या हरिश्चंद्राची कथा त्यांनी 1913 मध्ये पडद्यावर आणली. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहावयास तयार होईना. अखेर मुंबईत ग्रँट रोडवरील एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ बांध्याचा, नाजूक हातांचा तरुण त्यांना मिळाला. महिना दहा रुपयांचे त्याचे उत्पन्न. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. तथापि, पाच रुपयांच्या वाढीने नोकर मिळतो, तारामती मिळत नाही. फाळक्यांनी सगळी मंडळी दादरच्या आपल्या बंगल्यात एका कुटुंबासारखी वागविली. सरस्वतीबाई या मंडळींचा स्वयंपाक रांधीत आणि उन्हाचा प्रकाश वळविण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहत. चित्रपटात काम करतो असे सांगण्याची लोकांना लाज वाटे. तेव्हा आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगा, अशी सूचना फाळक्यांनी दिली होती. समोरच्या माणसाला घरी गेल्यावर काय तोंड द्यावे लागेल याचा विचार करणारा हा माणूस होता. साळुंके पुढे ‘लंकादहन’ (1917) मध्ये राम आणि सीता या दोन्ही रूपांत दिसला, यात त्याच्या गुणांइतकाच या घरोब्याचाही वाटा मानावा लागेल. पुढे कंपनीतील मतभेदांना कंटाळून फाळके काही काळ सहकुटुंब काशीतच जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले.

त्यानंतर काशीत कॅमेरे पुष्कळ आले. सत्यजित राय 1956 मध्ये ‘अपराजितो’साठी आले तेव्हा पहाटे घाटावर जाऊन नुसते पाहत बसणे आणि मंदिराच्या महंतांकडे खेटे घालणे, हाही त्यांच्या कामाचा भाग होता, त्यांच्या त्या वेळच्या दैनंदिनीत दोन्हींचा उल्लेख आहे. रिचर्ड लॅनॉय या इंग्रज चित्रकार-छायाचित्रकाराने 1950 च्या दशकात आनंदमयी माँ (1896–1982) यांची चित्रे घेतली. लाहिरी महाशयांच्या उलट त्यांनी कॅमेऱ्याला कधी फारशी आडकाठी केली नाही, त्यामुळे त्यांची चित्रे असंख्य आहेत. पण लॅनॉयच्या चित्रांत जी स्वस्थता आढळते ती घाईने आलेल्यांच्या हाती लागलेली नाही. याउलट 2000 च्या आरंभी दीपा मेहता यांच्या ‘वॉटर’ या चित्रपटाचे नेपथ्य निदर्शकांनी येथेच मोडून टाकले आणि तो चित्रपट पुढे श्रीलंकेत पुरा करावा लागला. तेथे प्रश्न दोन माणसांमधील विश्वासाचा उरला नव्हता, राजकारणाचा झाला होता. म्हणून त्याची चर्चा येथे लांबविण्याचे कारण नाही.

आता अगदी व्यावहारिक उदाहरण. बनारसी शालूच्या जाहिरातीसाठी मॉडेलला घाटावर उभे करण्याची प्रथा आहे. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख आहेत. सूर्य पलीकडच्या वाळूवरून उगवतो आणि सरळ डोळ्यांत शिरतो. जर चांगली उजळावी म्हणून छायाचित्रकार मॉडेलला सूर्याकडे तोंड करावयास लावतो, तिचे डोळे मिटू लागतात, आणि मग “डोळे उघडा” म्हणून तो ओरडतो. पायऱ्या ओल्या, पावसाळ्यानंतर गाळाने निसरड्या, ती अनवाणी, अंगावर जड वस्त्र, भोवती बघ्यांचे कोंडाळे. अशा वेळी तिच्या चेहऱ्यावर प्रसन्नता मागणे म्हणजे बोर्नचाच अन्याय पुन्हा करणे होय. जाणता छायाचित्रकार तिला थोडी बाजूला वळवितो, पाण्यावरून परतणारा मऊ उजेड घेतो, गर्दी आवरण्यास आधी एक माणूस नेमतो. निरी बिघडली तर विचारल्याशिवाय हात लावीत नाही. चित्र कोठे व किती काळ छापले जाणार हे अगोदर सांगतो, आणि ठरलेली वेळ संपली की कॅमेरा खाली ठेवतो. यात कोणतीही गोड बोलण्याची कला नाही. किंबहुना, अकारण लाडीगोडी लावणाऱ्या छायाचित्रकारापुढे मॉडेल अधिकच आखडते, कारण पुढे काय मागितले जाईल याचा तिला अंदाज येत नाही. मॉडेलकडूनही अर्थात काही अपेक्षा असते: वेळेवर येणे, जमणार नाही ते आधी सांगणे. पण काम देणारा आणि काम करणारी यांचे बळ सारखे नसते, म्हणून पहिले पाऊल कोणी टाकावे याविषयी वाद नसावा.

पैशाचा मुद्दा मात्र काशीत वेगळ्या रीतीने पुढे येतो. राख फासून, जटा मोकळ्या सोडून चित्रासाठी बसणारे आणि नंतर हात पुढे करणारे साधू पाहून पर्यटक नाक मुरडतात. वास्तविक तो सरळ व्यवहार आहे. तेही एका परीने व्यावसायिक मॉडेलच, आणि न देता निघून जाणाराच तेथे खोटा ठरतो. मणिकर्णिकेची गोष्ट निराळी. चितांची चित्रे घेण्यास तेथे विरोध आहे, तरीही पैसे घेऊन परवानगी मिळवून देतो म्हणणारा कोणीतरी भेटतोच. ज्यांचे माणूस जळत आहे ते कुटुंब त्या व्यवहारात कोठेच नसते. त्यांची अनुमती विकण्याचा त्याला अधिकार नाही आणि म्हणून ती विकतही घेता येत नाही.

घाटांवर फिरते छायाचित्रकारही असतात. त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. दूरगावाहून आलेल्या यात्रेकरूला ते गाव विचारतात, म्हातारीला दोन पायऱ्या वर घेतात, गंगा मागे येईल अशी कुटुंबाची रांग लावतात आणि थोड्याच वेळात चित्र हातात ठेवतात. म्हातारी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहते. पदर डोक्यावरून सरकलेला दिसला तर ती मान हलवते, आणि छायाचित्रकार निमूटपणे पुन्हा कॅमेरा उचलतो.