पंचाहत्तरीची मेजवानी, इराणी हॉटेलांत

आजोबांची पंचाहत्तरी आम्ही हॉल न घेता मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांत साजरी केली. शनिवारी दुपारी बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया. तिथला बेरी पुलाव खाल्ल्याशिवाय उठूच नये! भातावरची ती लालचुटुक झरेश्क फळं मूळ इराणी स्वयंपाकातली, वाळवलेली. मटणासोबत त्यांचा आंबटपणा इतका खुलतो, की आजीनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. रविवारी सकाळी धोबी तलावचं कयानी, १९०४ सालचं. चहात बुडवलेला ब्रून मस्का, वर मावा केक. आजोबा कॉलेजात असताना इथंच बसायचे. अशी हॉटेलं आता मोजकीच उरली आहेत. घरातल्या थोरांना घेऊन एकदा जरूर जा.