न दुखणारें दुखणें
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं आम्ही चार शब्द बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. परंतु तें काम येथें बसलेली वृद्ध मंडळी आम्हांपेक्षां उत्तम करतील. आम्ही आज मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांस होणाऱ्या विकाराकडे आपलें लक्ष वेधणार आहों. आम्ही वैद्य नव्हों. परंतु आजाऱ्यांच्या समाचारास जाणें हें आमचें नित्याचें काम आहे. आठवड्यांतून दोनतीन वेळां, दर वेळीं सुमारें चार तास, डायालिसिसच्या यंत्रापाशीं पडून राहावें लागणारीं माणसें आम्हांस भेटतात. त्यांतील कित्येकांच्या तोंडीं एकच वाक्य असतें: "फादर, कधीं कांहीं दुखलेंच नाहीं हो!" या विकाराचें सारें मर्म या एका वाक्यांत आहे.

प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडें मिळून दिवसाकाठीं रक्तांतून सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. त्यांतील बहुतेक सर्व शरीर परत घेतें. दीड-दोन लिटर काय तें मूत्ररूपानें बाहेर पडतें. रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली, आणि तिच्या जोडीस रक्तदाबही चढला, म्हणजे या गाळण्या बिघडतात. आणि रक्तांतच राहावयाचें अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन मूत्रांत झिरपूं लागतें. हेंच बहुधा पहिलें चिन्ह. तें डोळ्यांस दिसत नाहीं, अंगास जाणवत नाहीं.

लंडनच्या रिचर्ड ब्राइट या वैद्यानें १८२७ सालीं दाखविलें, कीं अंगावर सूज आलेल्या कित्येक रोग्यांचें मूत्र चमच्यांत तापविलें असतां अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें गोठतें, आणि अशांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं असतात. परंतु चमच्यांत दिसणारें तें चिन्ह फार उशीराचें. अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची रीत हॅरी कीन व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केली. आणि असें अल्प प्रमाणही प्रौढ वयांत मधुमेह जडलेल्यांस पुढील संकटाची सूचना देतें, हें डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनीं १९८४ सालीं दाखवून दिलें. म्हणजे जें पूर्वीं सूज आल्यावर कळे, तें आतां कित्येक वर्षें आधीं कळूं शकतें. मात्र त्यासाठीं तपासणी केली पाहिजे.

तपासण्या दोन आहेत. पहिली मूत्राची. सकाळचें थोडेंसें मूत्र पुरतें. त्यांत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागें अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमहून कमी असावें. ३० ते ३०० हा इशारा समजावा. ताप, मूत्रमार्गाचा दाह किंवा अतिश्रम यांमुळेंही हा आंकडा तात्पुरता वाढतो; म्हणून तीन ते सहा महिन्यांत पुन्हां तपासून तीनपैकीं दोन वेळां वाढ आढळल्यासच ती खरी मानतात. दुसरी तपासणी रक्ताची. तींतील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ति काढतात. ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिल्यास विकार ठरतो. कांहींच्या मूत्रांत अल्ब्युमिन नसतांही ही शक्ति घटते. म्हणून एक तपासणी करून दुसरी टाळूं नये. प्रौढ वयांतील मधुमेह बहुधा कळण्यापूर्वींच कांहीं वर्षें अंगांत मुरलेला असतो. यास्तव निदान होतांच, आणि पुढें दरवर्षीं, दोन्ही तपासण्या कराव्या.

पायांस सूज, मूत्रास फार फेस, थकवा, अन्नावरील वासना जाणें, हीं बहुधा मागाहूनचीं लक्षणें. आणखी एक फसवें लक्षण ध्यानीं ठेवा. औषध तेंच असतां साखर वारंवार फार खालीं येऊं लागली, तर रोग बरा झाला म्हणून पेढे वांटूं नका. मूत्रपिंडें थकल्यामुळें इन्सुलिन व कांहीं औषधें अंगांत अधिक काळ रेंगाळतात, त्याचाही हा परिणाम असूं शकतो.

वेळीं कळल्यास उपाय आहेत. साखर आटोक्यांत ठेवावी, रक्तदाब बहुतेकांनीं १३०/८० च्या खालीं राखावा, सुके बोंबील, पापड, लोणचें यांवर हात आंखडता घ्यावा, तंबाखू सोडावी. रॅमिप्रिल, लोसार्टन यांसारखीं जुनीं आणि डापाग्लिफ्लोझिनसारखीं नवीं औषधें मूत्रपिंडांची झीज मंदावतात. तीं कोणास द्यावीं हें डॉक्टरांनींच ठरवावें. सांधे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांच्या गोळ्या मनानें घेत राहूं नये. घटक ठाऊक नसलेलीं भस्मेंही घेऊं नयेत.

शेवटीं घरांतील कर्त्या मंडळींस आमची एक विनंती आहे. आपल्या माता सर्वांचीं दुखणीं काढतात. स्वतःच्या तपासणीचे पैसे मात्र नातवंडांच्या वह्यापुस्तकांकडे वळवितात. कांहीं दुखत नाहीं म्हणून त्या जाणार नाहींत. आपण त्यांस घेऊन जा. जें वेळेवर पाहतां येतें तें न पाहतां, मागाहून त्यास ‘देवाची इच्छा’ म्हणणें उचित नव्हे. या महोत्सवी वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील एकही मधुमेही या दोन तपासण्यांवांचून राहूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.