मृताचा पिंड आणि वारसाचा हक्क

(लोअर परळ येथे बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



सभेच्या चालकांनी मला कायद्यावर बोलण्यास सांगितले आहे. मी बोलणार आहे तो विषय मात्र मरणाचा आहे. या दोहोंचा संबंध काय, अशी शंका आपणांस येईल. घरात मनुष्य मरतो तेव्हा दोन प्रश्न एकदम उभे राहतात. मेलेल्याचे पुढे काय होणार, हा एक. आणि मागे राहिलेल्यांचे काय होणार, हा दुसरा. हिंदु रूढीने दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देऊन ठेवले आहे. जो पिंड देईल, पाणी पाजील, त्याच्या हातून मृताला गती मिळते आणि त्यालाच मालमत्तेचा हक्क पोचतो, असे ते उत्तर आहे. धम्मदीक्षा घेतल्यावरही हे भय आपल्या पुष्कळ घरांतून गेलेले नाही, म्हणून त्याची तपासणी करणे अवश्य आहे.

गरुडपुराणाचे म्हणणे असे की, देह जळाल्यावर जीव प्रेतरूपाने भटकतो. दहा दिवस दिलेल्या पिंडांनी त्याचे नवे शरीर एकेका अवयवाने घडते आणि सपिंडीकरण झाल्यावर तो पितरांत मिसळतो. वाटेत वैतरणी नदी आहे. ती तरून जाण्यासाठी ब्राह्मणाला गाय द्यावी लागते. स्मशानात ज्या दगडाने मडके फोडले तो अश्मा दहा दिवस जपावा लागतो. दहाव्या दिवशी कावळा पिंडाला शिवला नाही, तर मृताची इच्छा अपुरी राहिली असे समजून नातलग हात जोडून वचने देत उभे राहतात. त्यापुढे तेरावे, मासिक, वर्षश्राद्ध, आणि मग दर भाद्रपदात पितृपक्ष. मरण एकदा येते. त्याचा खर्च मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

भगवान बुद्धांपुढे हा प्रश्न नालंदा येथे असिबंधकपुत्र नावाच्या ग्रामप्रमुखाने मांडला होता. पश्चिमेकडील ब्राह्मण मंत्रांनी मृताला स्वर्गात चढवितात, तसे आपणही सर्व जगाला चढवू शकाल ना, असे त्याने विचारले. बुद्धांनी त्यालाच उलट प्रश्न केला. खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि पुष्कळ लोकांनी काठावर जमून हात जोडून ‘वर ये’ अशी प्रार्थना केली, तर तो वर येईल काय? आणि तुपाचा घडा पाण्यात फुटला, तर लोकांच्या प्रार्थनेने तूप तळाला जाईल काय? मनुष्याची गती त्याच्या स्वतःच्या कर्माने ठरते. मागे राहिलेल्यांच्या क्रियेने ती चढत नाही आणि क्रिया न केल्याने उतरतही नाही. ज्याने आयुष्यभर प्रामाणिकपणे गिरणीत काम करून मुले वाढविली, त्याची गती एका कावळ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे असे मानणे, हा त्या मृताचाच अपमान आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बाबासाहेबांनी श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची, आणि ब्राह्मणाकडून क्रियाकर्म न करविण्याची स्वतंत्र प्रतिज्ञा घातली ती याचसाठी. दोन महिन्यांच्या आत, 7 डिसेंबर 1956 रोजी, येथून थोड्याच अंतरावर दादरच्या समुद्रकाठी त्यांच्या स्वतःच्या देहाला बौद्ध पद्धतीने अग्नी दिला गेला. तेथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला धम्मदीक्षा दिली. ज्या जागी हिंदु मनाला सर्वांत अधिक भय वाटते, त्या स्मशानात आपल्या लोकांनी त्या भयाचा त्याग केला.

आता हक्काचा प्रश्न. वकिलीच्या धंद्यात एक प्रकार मी वारंवार पाहतो. नवरा वारला, मुलगा नाही, दोन मुली आहेत. पुतण्याने मडके धरले, दहाव्याला डोके केले, आणि महिनाभरात तो फंडाच्या पैशांवर हक्क सांगू लागला. याहून वाईट हे की, त्या विधवेलाही त्याचा हक्क खरा वाटतो.

तो खरा नाही. हिंदु वारसा कायदा 17 जून 1956 पासून अंमलात आहे. नाव हिंदूंचे असले तरी कलम 2 प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. म्हणून बौद्ध झाल्याने बापाचा वारसा बुडाला, असे कोणी सांगितल्यास घाबरू नये. मृत्युपत्र न करता पुरुष वारल्यास त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस समान वाटेकरी असतात. त्यांपैकी एकही हयात असेतो पुतण्याला काही मिळत नाही. पिंड कोणी दिला हे कायदा विचारीत नाही. फार काय, आपल्या प्रांतात चालणाऱ्या जुन्या मिताक्षरेतही विज्ञानेश्वराने ‘सपिंड’ याचा अर्थ एका शरीराचे, एका रक्ताचे, असाच केला होता. पिंडदानावर वारसा ठरविणारा दायभाग बंगालचा. 1982 च्या संपानंतर ज्या गिरण्या उठल्या, त्यांतील मृत कामगारांच्या घरांसाठी वारसांनी अर्ज केले, तेव्हा तेथेही कागद लागले. कावळ्याची साक्ष कोणी मागितली नाही.

28 नोव्हेंबर 1890 रोजी पुण्यात जोतीराव फुले वारले. दत्तक पुत्र यशवंताने अंत्यविधी करण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, कारण टिटवे धरील तो वारस, ही समजूत. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. आपल्या भगिनींनी ही गोष्ट विसरू नये. प्रेताजवळ बसवून विधवेच्या बांगड्या फोडणे आणि कुंकू पुसणे, ही रूढी बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये केला. एका खेड्याला जे करता आले, ते आपल्या चाळींतून अजून चालू असावे काय?

एक सावधगिरीची सूचना. जलदानविधी आणि पुण्यानुमोदन आपण करतो. त्रिशरण, पंचशील म्हणतो, मृताचे गुण आठवतो. हे योग्यच आहे. परंतु तो दहाव्याच दिवशी झाला पाहिजे, मुलाच्याच हातून झाला पाहिजे, आणि कर्ज काढून जेवणावळ घातलीच पाहिजे, असा आग्रह सुरू झाला की नाव बदललेले दहावेच आपल्या घरात परत आले असे समजावे.

मग घरात मृत्यू झाला असता काय करावे? मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत महापालिकेत करून दाखला घ्यावा. जेवणावळीचा पैसा विधवेच्या नावे ठेवावा किंवा मुलांच्या शाळेला द्यावा. आणि प्रत्येक गृहस्थाने जिवंतपणीच फंडात, बँकेत, विम्यात आपल्या माणसांची नावे लावावीत. दोन साक्षीदारांच्या सह्यांनी मृत्युपत्र करावे. मेल्यावर आपल्याला पाणी कोण पाजील, ही चिंता सोडून आपल्यामागे बायकामुलांच्या डोक्यावर छप्पर राहील काय, ही चिंता करणे हे बौद्ध गृहस्थाचे कर्तव्य आहे.

 जय भीम.