घरची वही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माणगाव म्हटलं की बाहेरचे लोक १९२० च्या परिषदेचं विचारतात. ते माणगाव कोल्हापूरकडचं. आपल्या शेजारी महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांमागून चवदार तळ्यावर हजारो माणसं गेली. पुस्तकांत पुढाऱ्यांची नावं आली. बाकीची घराघरांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिली. आमची आजी सांगायची, आम्ही नुसतं हू हू करायचो. आता विचारायचं कोणाला?

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायांना बोलतं केलं, म्हणून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ निघालं. मोठ्या घराण्यांचे तर कुलवृत्तांत छापलेत. आपण निदान शंभर पानी वही घेऊ. १९५६ नंतर घरात धम्मदीक्षा पहिली कोणी घेतली, ते लिहू. आजीचं माहेरचं नाव लिहू, तेच हमखास सुटतं! फोटो नसला तर पोरांनी चित्र काढावं, लुगड्याचा तुकडा चिकटवावा. आणि म्हातारी बोलेल तसंच उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका.

वर्षावासात इथं ग्रंथवाचन होतं, त्यात एकेका घराची वही वाचू. आषाढी पौर्णिमेला आमची आणतो. अर्धी कोरी आहे.