तूं, तुम्ही आणि आप

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आजचा विषय व्याकरणांतला आहे, म्हणून कोणी उठून जाऊं नये. मी, तूं, तो, आम्ही, तुम्ही, आपण यांना व्याकरणांत सर्वनामें म्हणतात. पोरें तीं शाळेंत पाठ करितात व विसरतात. परंतु गांवांत कोणाला कोणत्या पायरीवर बसविलें आहे, हें या चारसहा शब्दांवरून जितकें कळतें तितकें सात-बाराच्या उताऱ्यावरूनही कळत नाहीं.

रोजचें बोलणें ऐका. ‘पाटील आले’, ‘मास्तर आले’, ‘साहेब आले’. आणि ‘सुतार आला’, ‘लोहार आला’, ‘सालदार आला’. आले सगळे एकाच वाटेनें, आपापल्या पायांनीं. पण कांहींच्या वाट्यास अनेकवचन आणि बाकीच्यांच्या वाट्यास एकवचन. सुतार साठ वर्षांचा असो, त्यानें केलेल्या पाभरीनें साऱ्या गांवाची पेरणी होवो, तो ‘आला’च. कारकून काल नेमलेला पोरगा असला तरी ते ‘आले’च. येथें वय पाहिलें नाहीं, हुन्नर पाहिला नाहीं, अक्कल पाहिली नाहीं. पाहिली ती जात आणि खुर्ची.

कोणी म्हणेल, ‘तूं’ शब्दांत वाईट काय आहे? कांहीं नाहीं. आईला आपण तूं म्हणतों. तुकोबा पांडुरंगाशीं भांडले तेही तूं म्हणूनच. मग तोच शब्द कचेरीच्या दारांत म्हाताऱ्या शेतकऱ्याला कां झोंबतो? आईला आपण तूं म्हणतों, तशी तीही आपल्याला तूं म्हणते. कचेरींत तसें नाहीं. तेथला ‘तूं’ वरून खालीं येतो, खालून वर जाऊं शकत नाहीं. म्हणजे अपमान शब्दांत नाहीं, एकेरी वाटेंत आहे. जो मान एकानेंच द्यावयाचा आणि दुसऱ्यानें नुसता घ्यावयाचा, तो मान नव्हे, ती वेठ आहे.

ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला विशेष लागू आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. येथें अहिराणी आहे, गुजराती आहे, भिली, पावरी, मावची या बोली आहेत. सातपुड्यांतील पाड्यांवर लहानथोरांस सर्रास तूं म्हणण्याची चाल आहे. घरच्या वडिलांना तूं, पाहुण्यालाही तूं. त्या पाड्यावरचें पोर शाळेंत येतें आणि मोकळेपणानें विचारतें, “गुरुजी, तूं काल कां नाहीं आला?” वर्ग हंसतो. एखादा शिक्षक त्याला उद्धट ठरवितो. पोर गप्प होतें. आणि वर्गांत गप्प झालेलें पोर एक दिवस शाळेच्या वाटेवरच दिसेनासें होतें.

आम्हां शिक्षकांचें याविषयीं स्पष्ट म्हणणें आहे. त्या पोराच्या ‘तूं’मध्यें तूं आणि मी सारखे, एवढाच अर्थ आहे. त्याला शाळेची मराठी शिकवावी, ‘तुम्ही’ही शिकवावें, पण त्याच्या घरच्या बोलीला लाज लावून शिकवूं नये. खरा उद्धटपणा आहे तो त्याच पोराच्या आजोबाला बाजारांत “ए, इकडे ये” म्हणणाराच्या तोंडांत. कारण ‘तुम्ही’ हा शब्द त्याच्यापाशीं आहे. तो इतरांना देतो आणि या म्हाताऱ्यापुरता हातचा राखून ठेवतो.

याचें उत्तर आपल्याच मुलखांत एकदां देऊन झालें आहे. तळोदें तालुक्यांतील मोरवडचे गुलाम महाराज हे भिल्ल समाजांतले. हा भाग तेव्हां पश्चिम खानदेशांत होता. १९३० नंतरच्या दशकांत त्यांनीं आपल्या लोकांना आरतीसाठीं जमविलें, दारू सोडा, स्वच्छ राहा असें सांगितलें. हजारों माणसें येऊं लागलीं. १९३८ सालीं महाराज वारले. पुढें त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं कार्य चालविलें. या पंथाची खूण एक सर्वनाम होती, ‘आप’. अनुयायी एकमेकांना आप म्हणत, आणि त्यांचा घोष ‘आप की जय’ असा होता.

याचा अर्थ ध्यानांत घ्या. हिंदींत ‘आप’ हा थोरामोठ्यांना लावण्याचा शब्द. ज्या माणसाला सावकाराच्या ओट्यावर ‘अरे’शिवाय हांक मिळत नव्हती, त्यानें आपल्या झोंपडीशेजारच्या माणसाला आप म्हटलें. आम्हांला मान द्या म्हणून कोणाकडे अर्ज केला नाहीं. आपला मान आपणच एकमेकांना दिला. आमच्या मतें दारू सोडण्याइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

इंग्लंडांत सतराव्या शतकांत क्वेकर पंथाच्या लोकांनीं उलट वाट धरली. त्यांनीं राजापासून मजुरापर्यंत सर्वांना ‘तूं’ म्हणण्याचा नेम केला आणि त्यापायीं मार खाल्ला, तुरुंग भोगला. पुढें इंग्रजीनेंच रोजच्या बोलण्यांतून ‘तूं’ टाकला आणि मानाचा शब्द सर्वांना लावला. वरच्याला खालीं आणा किंवा खालच्याला वर न्या. पण शब्द दोन्हीकडून सारखा जावा.

‘आप’ आणि आपला मराठी ‘आपण’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून आले, असें भाषापंडित सांगतात. पोथींतला शब्द झिजत झिजत कुणब्याच्या व कारागिराच्या तोंडीं आला आणि तेथें अधिक कामाचा झाला. ‘आम्ही विहीर खणली’ म्हटलें कीं ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण विहीर खणली’ म्हटलें कीं तो आंत येतो. इंग्रजींत हा भेद एका शब्दानें होत नाहीं, मराठींत होतो. म्हणून गांवाच्या बैठकींत कोणी ‘आम्हीं ठरविलें आहे’ म्हणेल तेव्हां कान उघडे ठेवा. त्या ‘आम्ही’त कोण आहे आणि कोण नाहीं, हें तेथेंच विचारा.

आतां थोडें कडू बोलतों. कचेरींत ‘अरे’ ऐकून जो शेतकरी चरफडतो, तोच घरीं येऊन सालदाराला ‘अरे’ म्हणतो. वरून मिळालेली लाथ खालीं पोंचविणें याला स्वाभिमान म्हणत नाहींत. घरांतही तोच हिशेब. नवरा ‘अगं, तूं’, बायको ‘अहो, तुम्ही’. शेत मात्र दोघांच्या घामानें पिकतें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. त्यांच्या लिखाणांत ‘सर्व स्त्रीपुरुष’ असे शब्द पुन्हां पुन्हां येतात, तें उगीच नव्हे. शब्दांत जिला जागा नाहीं, तिला बैठकींतही जागा मिळत नाहीं.

म्हणून आमची विनंति एवढीच. उद्यां सकाळीं सालदार दारांत येईल, सुतार येईल, डोक्यावर मोळी घेऊन पाड्यावरची म्हातारी येईल. त्यांना ‘या, बसा’ म्हणा. यास पैसा लागत नाहीं, ठराव लागत नाहीं, सरकारची मंजुरी लागत नाहीं. आणि कोणी तुम्हांला ‘अरे’ म्हटलें तर शांतपणें त्याला ‘अहो’ म्हणा, व तोच शब्द परत येईपर्यंत त्याच्यासमोरून हलूं नका.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.